केडगावचे मुक्ती सदन : दुष्काळ, श्रद्धा आणि सेवा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती सेवाकार्याचा जो विस्तार झाला, तो बहुतांशी परदेशी मिशनांच्या आधाराने झाला. 'मिशन' म्हणजे धर्मप्रसारासाठी पाठविलेल्या कार्यकर्त्यांची व त्यांना पैसा पुरविणाऱ्या मंडळाची संघटना. १८१३ साली मुंबईत पाय रोवलेल्या व १८३१पासून अहमदनगरला केंद्र करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, तर शतकाच्या अखेरीस मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उभे केले. या कामांचे मोल मोठे आहे. परंतु त्या प्रत्येकामागे समुद्रापलीकडचे एखादे मंडळ, त्याचे नियम आणि त्याने नेमलेले अधिकारी होते. पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर, लोहमार्गालगतच्या केडगाव या खेड्यात १८९७पासून जे काम उभे राहिले, त्याची घडण निराळी होती. ते एका भारतीय स्त्रीने, पंडिता रमाबाईंनी, कोणत्याही चर्चसंघटनेच्या हाताखाली न जाता उभारले. त्यामागे धर्मचिंतन होते आणि उपासमारीचा प्रत्यक्ष अनुभवही होता, आणि ही दोन्ही सूत्रे एकत्र धरल्याखेरीज मुक्ती सदनाचा इतिहास नीट उलगडत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्री-पंडितांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत फिरू लागले. मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी, दुसरा कोणताही व्यवसाय करू नये, असा त्यांचा नेम होता. १८७०नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या नेमाचे भीषण फळ पुढे आले. दक्षिणा आटली, अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते, भीक मागण्याची लाज वाटत होती, आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण मरण पावली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री हे दोघे त्यातून वाचले व हजारो मैल पायी चालत अखेर १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने हे कमी ध्यानात घेतले जाते की, ज्या मुलीला हजारो श्लोक मुखोद्गत होते तिला पोट भरण्यासाठी करता येईल असे एकही काम शिकविलेले नव्हते, आणि वीस वर्षांनी तिने जी संस्था काढली तीत प्रत्येक मुलीला अक्षराबरोबर एक तरी हातचे काम आलेच पाहिजे असा दंडक होता.

बंधूंच्या मृत्यूनंतर रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. परंतु १८८२च्या प्रारंभी त्यांचेही निधन झाले आणि मनोरमा या तान्ह्या मुलीसह त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाजाची स्थापना करून, 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ प्रसिद्ध करून आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील सेंट मेरी भगिनी मंडळात त्यांची सोय झाली होती. 'भगिनी मंडळ' म्हणजे अविवाहित राहून प्रार्थना व सेवा यांना आयुष्य वाहून घेतलेल्या स्त्रियांचा संघ. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपले आत्मनिवेदन लिहिले, ते मराठीत 'माझी साक्ष' या नावाने ओळखले जाते. (ख्रिस्ती परंपरेत आपल्या श्रद्धेचा अनुभव चारचौघांत सांगण्याला 'साक्ष देणे' म्हणतात.) या निवेदनात त्यांनी आपल्या धर्मांतराचे जे कारण नोंदविले आहे, ते या संस्थेच्या इतिहासाला पायाभूत आहे. लंडनजवळच्या फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी 'पतित' मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने होणारी शुश्रूषा रमाबाईंनी पाहिली आणि, या स्त्रियांची काळजी घेण्याची प्रेरणा ख्रिस्ती लोकांना कोठून मिळते, असे आपल्याला शिकविणाऱ्या भगिनीला विचारले. तिने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला, ज्यात येशू विहिरीवर आलेल्या एका शोमरोनी स्त्रीशी बोलतो. शोमरोनी लोकांशी यहूदी व्यवहार टाळीत आणि त्या स्त्रीचे आयुष्य लोकदृष्टीने कलंकित होते. तरीही खऱ्या उपासनेविषयीचे अत्यंत गहन बोलणे तो तिच्याशीच करतो.

रमाबाईंचे मन येथे वळले. बुद्धीची खात्री त्यानंतर, फादर नेहेम्या गोरे यांचे पुस्तक वाचून झाली. हे गोरे म्हणजे काशीत वाढलेले, १८४८ साली ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी सेवा दिसली, मग तिच्या मुळाचा शोध झाला आणि त्यानंतर धर्ममताचा स्वीकार. पुढे वॉन्टेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, चर्चच्या अधिकाराविषयी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहारातून वाद झाला, आणि सद्सद्विवेकबुद्धीवर कोणाही धर्माधिकाऱ्याची सत्ता मान्य करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. ज्या स्त्रीने श्रद्धेचा पुरावा आश्रयगृहात पाहिला होता, तिला धर्मपीठाच्या आज्ञेने तो पटवून देण्याची गरज नव्हती.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तेथे प्रसिद्ध केलेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' या पुस्तकामुळे आणि व्याख्यानांमुळे १८८७च्या अखेरीस बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली, व उच्चवर्णीय विधवांसाठी काढावयाच्या शाळेला दहा वर्षे साह्य करण्याचे तिने मान्य केले. या साह्याला शाळेत धर्मशिक्षण देऊ नये अशी अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी या विधवेचा विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला; महर्षी कर्वे यांचे विधवांच्या शिक्षणाचे जे काम पुढे हिंगण्यास रुजले, त्याचा एक धागा असा शारदा सदनापर्यंत पोहोचतो.

शारदा सदनात ब्राह्मणी सोवळ्याओवळ्याचे नियम पाळण्याची पूर्ण मोकळीक होती व स्वयंपाकाची व्यवस्थाही तशीच होती. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि कोणा मुलीला येऊन बसावेसे वाटले तर त्या तिला हाकलीत नसत. एवढ्यावरून 'केसरी' या वृत्तपत्राने टीकेचे रान उठविले. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी सुधारक मंडळी ज्या सल्लागार मंडळात होती, ते मंडळ १८९३ साली संस्थेपासून दूर झाले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंच्या विरोधकांची शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही, कारण काही विद्यार्थिनी पुढे ख्रिस्ती झाल्या. परंतु एक गोष्ट निःसंशय दिसते. ज्यांना पालक होते आणि ज्यांच्या जातीला मान होता, त्यांच्यासाठी काढलेल्या संस्थेत रमाबाईंची श्रद्धा सदैव अर्ध्या उघड्या दाराआड राहणार होती. ते दार पूर्ण उघडले ते दुष्काळाने.

१८९६ साली पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतापासून दक्षिणेपर्यंत अन्नाचा तुटवडा पडला. सरकारच्या दुष्काळ-नियमावलीप्रमाणे अशा वेळी ज्या व्यवस्था होत त्यांपैकी दोन अशा: सशक्त माणसांना खडी फोडणे, रस्ते व तलाव बांधणे अशी मजुरीची 'दुष्काळी कामे', आणि जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी फुकट अन्न देणारी आश्रयगृहे, ज्यांना 'पुअर हाउस' म्हणत. या व्यवस्थेने अनेकांचे प्राण वाचविले, हे खरे. पण एकट्या पडलेल्या बाईसाठी व मुलीसाठी ती अपुरी आणि पुष्कळदा घातक होती, कारण अशा छावण्यांभोवती मुली पळविणारे आणि त्यांची विक्री करणारे वावरत. याआधी रमाबाईंनी वृंदावनाला जाऊन तेथील विधवांची दुर्दशा पाहिली होती, त्यामुळे निराधार स्त्रीची वाट कोठे जाते याविषयी त्यांच्या मनात भ्रम नव्हता. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. आईवडिलांचा उपासमारीने झालेला अंत पाहिलेल्या स्त्रीला ती हाडांची माणसे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. तीनशे मुली वाचवावयाच्या असा संकल्प त्यांनी केला, तेव्हा त्यांना अन्न देण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. जात विचारण्याचा प्रश्न तर उरलाच नव्हता. दुष्काळी छावणीतून आलेल्यांत कुणबी, गोंड, महार, ब्राह्मण असा भेद करून स्वतंत्र चुली मांडणे शक्य नव्हते, आणि रमाबाईंना ते इष्टही वाटत नव्हते.

या मुली पुण्यास आणल्या त्याच सुमारास शहरात प्लेग शिरला, आणि गर्दी वाढू नये म्हणून अधिकाऱ्यांनी शारदा सदनात नव्या मुली ठेवण्यास मनाई केली. शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला रमाबाईंनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन तेथे संत्री, लिंबे व आंबे लावले होते. त्या माळावर तंबू ठोकून आणि गवताची छपरे घालून मुलींना हलविण्यात आले. मुक्ती सदनाचा प्रारंभ असा, योजनेने नव्हे, निकडीने झाला. त्याच १८९७ साली प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिले. गोऱ्या सरकारच्या धर्माचा स्वीकार केला म्हणजे त्याच्या अन्यायाबद्दल मौन पाळावयाचे, असे त्यांनी मानले नाही. मराठी वाचकांनी हे पत्र विसरता कामा नये.

'मुक्ती' या नावाचाही थोडा विचार करावयास हवा. मराठी ख्रिस्ती भाषेत पापापासून सुटका या अर्थी 'तारण' हा शब्द रूढ आहे, तर 'मुक्ती' म्हटले की मराठी मनात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची, मोक्षाची कल्पना जागी होते. ज्या घरात रमाबाई वाढल्या तेथे याच मुक्तीसाठी यात्रा, व्रते आणि दाने यांत सारे धन वेचले गेले होते. तोच शब्द त्यांनी केडगावच्या माळावर भुकेपासून, बाजारात विकले जाण्यापासून आणि निरक्षरतेपासून सुटका यांना लावला. शब्दाचा आध्यात्मिक अर्थ त्यांनी सोडला नाही. त्याला पाणी, भाकरी आणि अंथरूण यांची जोड दिली.

१८९९-१९०० साली पुन्हा अवर्षण आले, आणि गुजरातेत तर विक्रम संवत १९५६वरून 'छप्पनियो' या नावाने जनस्मृतीत राहिलेला भयंकर दुष्काळ पडला. या वेळी आधीच्या दुष्काळातून वाचून केडगावला आलेल्या व आता धडधाकट झालेल्या स्त्रियाच गुजरातेत मुली शोधावयास गेल्या. १९००च्या सुमारास मुक्ती सदनाची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. खेड्याहून मोठे झालेले हे घर कसे चालत असेल, हे पाहण्यासारखे आहे. दुष्काळातून आलेल्या मुलीचे पोट अन्न धरीत नाही. तिला पेज, दूध असे थोडेथोडे देत आठवडेच्या आठवडे जपावे लागते, अंगावरची खरूज व जखमा धुवाव्या लागतात, आणि एवढे करूनही पुष्कळ मुली दगावत. ही शुश्रूषा पगारी दाया करीत नव्हत्या. मोठ्या मुली व विधवा करीत. पाण्यासाठी विहिरी खणल्या गेल्या. शेत, भाजीमळा, गोठा, कोठी, दळण, धुणे आणि शेकडोंचा स्वयंपाक यांसाठी मुलींच्या तुकड्या पाडून पाळ्या लावलेल्या असत. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, पाव भाजणे, बांधकामातील गवंड्याच्या हाताखालचे काम, छपाई असे उद्योग शिकविले जात आणि हुशार मुलींना शिक्षिका व परिचारिका होण्याचे शिक्षण मिळे. मनोरमा परदेशातून ब्रेल लिपी, म्हणजे बोटांनी स्पर्शून वाचण्याची उठावाच्या टिंबांची लिपी, शिकून आल्या आणि त्यांनी अंध मुलींना वाचन व हस्तकाम शिकविले. अंध मुलीने केवळ भजने म्हणून भीक मागावी, याखेरीज तिच्या आयुष्याची दुसरी कल्पना त्या काळच्या समाजाला बहुधा नव्हती.

मुक्तीच्या आवारातच कृपा सदन या नावाचा स्वतंत्र विभाग होता. अत्याचाराला बळी पडलेल्या, फसविल्या गेलेल्या किंवा वेश्याव्यवसायातून सुटलेल्या स्त्रियांसाठी तो होता. म्हणजे फुलहॅम येथे रमाबाईंनी १८८३ साली जे पाहिले, त्याचेच हे मराठी मातीतील रूप होते. दुष्काळी मुलींना दया दाखविणारे दाते पुष्कळ असतात. कृपा सदनासाठी मात्र दात्यांचीही मने कचरतात, कारण तेथे येणारीच्या दुःखाला समाज तिचाच दोष मानतो. मुक्तीच्या सर्व विभागांत ख्रिस्ती सेवेची कसोटी लावावयाची झाली तर ती येथे लावावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शोमरोनी स्त्रीच्या कथेने ज्यांची श्रद्धा घडली, त्यांच्या संस्थेत हा विभाग नसता तर बाकी साऱ्या कामातून त्या श्रद्धेचे मूळच हरवले असते.

पैशाच्या बाबतीत रमाबाईंनी 'विश्वासाचे तत्त्व' स्वीकारले होते. ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालविणारे जॉर्ज म्युलर आणि चीनमध्ये काम करणाऱ्या मंडळींची चरित्रे वाचून त्यांच्या मनात ते ठसले. त्याचा अर्थ असा की, ठराविक अनुदान किंवा वर्गणीवर विसंबून काम आखावयाचे नाही; गरज देवापुढे मांडावयाची आणि जे येईल त्यातून त्या दिवसाचा खर्च भागवावयाचा. रमाबाई असोसिएशनने मान्य केलेली दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, जुन्या मंडळाच्या जागी नवे मंडळ आले आणि परदेशातून देणग्या येत राहिल्या. त्यामुळे मुक्ती सदन पूर्णतः स्वदेशी पैशावर चालले असे कोणी म्हणू नये. मिनी एब्रम्स यांच्यासारख्या अमेरिकन सहकारी होत्या, तशा सुंदराबाई पवार यांच्यासारख्या मराठी सहकारीही होत्या. पण निर्णय रमाबाईंचा असे आणि संस्था कोणत्याही एका पंथाच्या मालकीची झाली नाही.

धर्मांतराचा प्रश्न टाळून हा इतिहास सांगणे योग्य नाही. मुक्ती सदन हे उघडपणे ख्रिस्ती घर होते, तेथे रोज प्रार्थना व बायबलवाचन होई, आणि १९०५ साली तेथे 'संजीवन' म्हणजे सामूहिक धर्मजागृतीचे पर्व झाले; बहुसंख्य रहिवासी ख्रिस्ती झाले. जिच्या तोंडात घास घातला तिने घास देणाऱ्याचा धर्म स्वीकारला, तर ती निवड कितपत मोकळी, ही शंका न्याय्य आहे. जो पूर्णतः दुसऱ्यावर अवलंबून असतो त्याच्या होकाराचे वजन कमीच धरावे लागते, आणि मुक्तीच्या स्तुतिपर चरित्रकारांनी या शंकेला पुरेसे उत्तर दिलेले नाही. दुसऱ्या बाजूने हेही विचारले पाहिजे की, १८९६ आणि १८९९ साली या मुलींना घेण्यासाठी दुसरे कोणते दार त्यांच्या पुढ्यात उघडे होते. ज्या समाजाने त्यांना आपल्या म्हटले नव्हते, त्यानेच नंतर त्या दुसऱ्याच्या झाल्याबद्दल तक्रार केली. रमाबाईंवरील टीका पुण्यात शाई वापरून झाली. दुष्काळी छावणीत जाऊन मुली आणण्याच्या बाबतीत टीकाकारांची चढाओढ लागल्याचे दिसत नाही.

रमाबाईंची राहणी शेवटपर्यंत बदलली नाही. त्या पांढरे सुती लुगडे नेसत, शाकाहारी राहिल्या, आणि आपली संस्कृत विद्या त्यांनी अखेरच्या पर्वात एका निराळ्या कामाला जुंपली. मराठीत बायबल यापूर्वी भाषांतरित झालेले होते. परंतु ते संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित बाईला कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी मुळातून भाषांतर करावयाचे ठरविले आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. हिब्रू ही जुन्या कराराची, तर ग्रीक ही नव्या कराराची मूळ भाषा. ज्या विद्वत्तेने कलकत्त्याच्या पंडितांना चकित केले, तिचा उपयोग त्यांनी शब्द अवघड करण्यासाठी न करता ते सोपे करण्यासाठी केला. मराठी गद्याच्या इतिहासात या भाषांतराची जेवढी दखल घेतली जावयास हवी होती तेवढी ती घेतली गेलेली नाही.

१९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी, जिच्या हाती सारे काम सोपवावयाचे होते त्या मनोरमेचे चाळीसाव्या वर्षी निधन झाले. त्यानंतर रमाबाई भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम करीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. बायबलचे ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून वाचविलेल्या व तेथेच अक्षरे शिकलेल्या स्त्रियांनी खिळे जुळवून छापले, आणि १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले.